दर्याला वाहिलेल्या फाईली

श्रीवर्धन, बंदरावरून
माघ अमावास्या (उधाणाचा दिवस)

सन्माननीय व्याही रावजीराव यांस,

श्रीवर्धनच्या हरेश्वराचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही उभयता इकडे आहोत. 'मजेत आहोत' असं लिहायचा प्रघात आहे, पण तुमच्यासारख्या माणसाशी पहिल्याच ओळीत खोटं बोलणं बरं नाही, म्हणून नुसतं 'आहोत' एवढंच लिहितो. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला जिना चढताना तुम्ही तो हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवत होतात, ते काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. विहीणबाईंची साखर उतरली असेल अशी आशा करतो. (इकडे माझी चढली आहे. बहुधा तीच असावी.) जावई ऋत्विकराव यांना बंदरात दिवसपाळी मिळाली का? आणि प्राची बरी असेल. ती बरी आहे हे मला माहीत आहे, कारण मी दर रविवारी फोन करतो. ती "बरी आहे बाबा, तुम्ही कसे?" असं विचारते, मी "बरा" म्हणतो, आणि मग आम्ही दोघं उरणच्या रस्त्यावरचे कंटेनरचे हॉर्न ऐकत बसतो. बोलणं एक मिनिट पुरलेलं मला आठवत नाही.

फोन असताना पत्र का, असं तुम्ही म्हणाल. त्याला कारण तुमचे कान. राग मानू नये. तीस वर्षं मिठागरावर गोणी मोजताना जे ओरडलात त्याने कान गेले, हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि तेव्हापासून तुम्ही फोन स्पीकरवर लावून पडवीत ठेवता. मागे मी माझ्या मूळव्याधीबद्दल चार शब्द बोललो, तर तुमच्या शेजारच्या घरातून कोणीतरी औषध सुचवलं. (लागू पडलं नाही, पण त्यांना माझे आभार सांगावेत.) आज जे सांगायचं आहे ते त्याहून नाजूक आहे. प्राची सकाळी साडेआठला कामाला निघते असं ऋत्विकराव बोलले होते. तेव्हा हे पत्र ती गेल्यावर, एकट्याने आणि मनातल्या मनात वाचावं.

तर झालं असं, की पौषात मला नोटीस आली. पेठेत विनेशभाई म्हणून गृहस्थ आहेत. श्रीवर्धनातल्या सुपारीवाल्यांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा जीएसटी तेच भरतात. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हरेश्वरभाई, आधी बसा हां, मग सांगतो." ज्या माणसाने वीस वर्षांत कधी खुर्ची पुढे केली नाही, त्याने खुर्ची पुढे केली, तेव्हाच मी खिशातलं पाकीट चाचपलं. गोष्ट साधी आहे. मी जाळी, दोर, जाळी तरंगवणारे बोये आणि होडीच्या इंजिनाचं ऑइल विकतो. तो माल घेताना जो कर माझ्याकडून जातो तो मला वळता करून मिळतो. पण असा वळता केलेल्या रुपया-रुपयामागे एकेक बिल असावं लागतं आणि ते सहा वर्षं जपावं लागतं. खात्याला २०२१-२२ सालची बिलं बघायची होती, गाडीभाड्याच्या पावत्यांसकट. नाही दाखवली, तर घेतलेला सगळा कर व्याज आणि दंड लावून परत. किती, ते विनेशभाईंनी चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी पालथी करून माझ्यापुढे सरकवली. तेवढे पैसे भरले तर नारळी पौर्णिमेआधी दुकानात माल भरायला माझ्याकडे छदाम उरत नाही. माल नसला की होड्यांचे नाखवे दुसऱ्या बंदरावरून जाळी घेतात, आणि एकदा दुसरीकडे गेलेला नाखवा परत येत नाही. म्हणजे बत्तीस वर्षांचं दुकान संपलं.

पण रावजीराव, तुम्हाला आश्चर्य वाटेल, मला त्या क्षणी हसू आलं. मी विनेशभाईंना म्हटलं, एवढंच ना? दुपारपर्यंत आणून देतो. कारण आमच्या दुकानाचे कागद प्राचीने ठेवलेले होते, आणि ते कसे ठेवलेले होते हे तुम्ही बघायला हवं होतं. बारावी झाल्यापासून लग्न होईपर्यंत तिने ते काम केलं. त्याआधी माझी पद्धत म्हणजे बिल आलं की गल्ल्यामागच्या तारेला खोचायचं, तार भरली की गठ्ठा ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये, आणि कॅनही भरला की त्याच्याकडे बघायचंच नाही. कुठलं बिल कधीचं हे मला तोंडपाठ असे, पण तारखेने नव्हे. जाड दोर आला तो अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीला, कारण त्या दिवशी पाणी इतकं कमी चढलं होतं की होड्या चिखलातच बसल्या होत्या आणि हमालच मिळाला नव्हता. हे असं मला सगळं आठवतं, पण खात्याला भांग आणि उधाण चालत नाही. प्राचीने कॅन पालथे केले, प्रत्येक बिल पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, गाडीभाड्याची पावती त्याच पिशवीत मागच्या बाजूने, वर कोपऱ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि मालाचं नाव. वर्षाला एक फाईल. लाल, पिवळी, हिरवी, निळी. तिला आणखी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढायची होती, ती मी काढू दिली नाही. पानाला दोन रुपये पडतात. आपण बिलं सांभाळतो आहोत की झेरॉक्सवाल्याचं घर, असं मी तिला विचारलं होतं. (त्या वेळी मला हा मुद्दा बिनतोड वाटला होता.)

तर मी विनेशभाईंकडून हसत दुकानात आलो, मागच्या फळीकडे हात केला, आणि हाताला बोये लागले. फळीभर बोये. मीच ठेवले होते. फळी मोकळी झाली म्हणून.

आता ती मोकळी कशी झाली ते सांगतो. हे मी स्वतःच्या तोंडाने अजून तुमच्याखेरीज तीनच माणसांना सांगितलं आहे, त्यातलं एक सरकारी आहे. आमच्या घरी आज्यापासून एक रीत आहे. लक्ष्मीपूजनाला हिशेबाची वही पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि संपलेल्या वर्षाची वही पाडव्याला पहाटे होडीतून नेऊन दर्यात सोडायची. रद्दीत द्यायची नाही, चुलीत घालायची नाही. ज्या कागदावर हळदकुंकू पडलं तो आपला राहिला नाही, तो दर्याचा झाला. आणि एकदा पूजलेली वही परत उघडायची नाही. प्राची होती तोवर दर दिवाळीला ती माझ्या हातात लाल कापडी वही ठेवायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला दिवाळसणाला आली, तेव्हासुद्धा पिशवीतून फराळाच्या आधी लाल वही निघाली. मी चार लोकांत सांगितलं, पोरीला रीत कळते. गेल्या दिवाळीला ऋत्विकरावांना सुट्टी नव्हती म्हणून तुमची मंडळी आली नाहीत, आणि संध्याकाळी पाट मांडला तर वहीच नाही. आता देवीपुढे काय ठेवायचं? हिशेब कुठे आहेत, तर फाईलींत. मग फाईली. एकच ठेवली तर बाकीच्या वर्षांचा अपमान, म्हणून चारही. भरपूर हळदकुंकू वाहिलं. लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या फाईली पणतीच्या उजेडात इतक्या देखण्या दिसल्या की मी फोटो काढून प्राचीला पाठवणार होतो. (पाठवला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मग फोटोखाली काय लिहायचं ते सुचेना, म्हणून राहून गेला.)

पाडव्याला पहाटे सदू नाखव्याच्या होडीतून मी त्या घेऊन गेलो. सदू माझा शाळेपासूनचा दोस्त. प्लॅस्टिक तरंगतं हे माझ्या लक्षात होतं, एवढा मी अडाणी नाही. म्हणून चारही फाईली एकत्र बांधल्या, खाली दगड लावला, आणि दोर वापरला तो दुकानातला सगळ्यात चांगला. गाठ अशी मारली की ती सोडवणारा अजून जन्मायचा आहे. सदू म्हणालासुद्धा, "हरेश्वर, ह्ये जास्ती व्हतंय." मी म्हटलं, देवाच्या कामात काटकसर नको. झेरॉक्सचे दोन रुपये वाचवणारा मीच तो.

नोटिशीच्या दिवशी घरी येऊन मी सोनूबाईंना (आमच्या मंडळींना) हे सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अवो, पोर दर साली तुमाला कोरी वही द्यायची. तीच जायची दर्यात. तुमी कंदी उघडून बघितलीत?" नाही बघितली. पूजलेली वही उघडायची नसते. म्हणजे पाच दिवाळ्या मी कोऱ्या वह्यांना हळदकुंकू वाहत होतो आणि पोरगी बापाची रीतही मोडू देत नव्हती आणि कागदही बुडू देत नव्हती. हे तिने आईला सांगितलं, मला नाही. मला सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हे तिला ठाऊक होतं. देवीला फसवतेस का, म्हणून ओरडलो असतो.

पुढचे पंधरा दिवस मी सदूच्या होडीत काढले. ओहोटीला जाऊन गळ टाकायचा, दोर अडकतो का बघायचं, आणि हात हलवत परत यायचं. दोर पाठवणाऱ्या पेढीकडे बिलाची दुसरी प्रत मागावी म्हटलं, तर ती पेढी बंद झालेली. जाळीवाले फोन उचलत नाहीत. आमचे चिरंजीव मितेश नवी मुंबईत नोकरीला आहेत हे तुम्ही जाणताच. ते एका रविवारी आले, म्हणाले, पप्पा, हे सगळं मोबाईलमध्ये ठेवायचं असतं, आणि माझ्या मोबाईलमध्ये एक अॅप टाकून जेवून गेले. त्या अॅपमध्ये आतापर्यंत माझ्या अंगठ्याचे अठ्ठावीस फोटो आहेत. मुलगा वाईट नाही. पण दुकानात आला की त्याला ऑइलचा वास सहन होत नाही.

मग एका सकाळी सदू दुकानात आला तो खांद्यावर फाटकं जाळं घेऊन. चेहऱ्यावर हसू. म्हणाला, "तुझा जीएसटी गावलाय जाल्यान." माझ्या गठ्ठ्याने त्याचं जाळं फाडलं होतं आणि त्याच्या जाळ्याने माझा गठ्ठा. दोर मात्र तुटला नव्हता. मालाबद्दल माझ्याकडे कधी तक्रार आलेली नाही. फाईलींची चिरफाड होऊन पिशव्या पाण्यात सुटल्या होत्या, आणि त्या दिवसापासून त्या एक-एक करून परत येऊ लागल्या. कोणाच्या जाळ्यात मांदेलीबरोबर, कोणाच्या बोंबलांबरोबर. एक भरतीबरोबर वाळूत येऊन पडली, ती पर्यटकांच्या कुत्र्याने आणून दिली. बंदरावर मला आता कोणी रामराम करत नाही, "आज काय गावला न्हाय" असं दुरूनच ओरडून सांगतात. सदूला मी नवं जाळं दिलं. पैसे घ्यायला तोंड नव्हतं.

परत आलेल्या पिशव्या मी वलांडीवर वाळत घातल्या. बोंबील वाळत घालायची बांबूची चौकट म्हणजे वलांडी, हे तुम्हाला उरणात सांगायला नको. एका दोरीवर बोंबील, एका दोरीवर बिलं. मांजराने बोंबलांना तोंड लावलं नाही, एक गाडीभाड्याची पावती मात्र पळवली. ज्या पावत्या त्या चकचकीत कागदावर छापलेल्या होत्या त्या उन्हात पांढऱ्याफटक झाल्या. सगळे मिळून सदतीस कागद आले. त्यांत नोटिशीतल्या वर्षाचे अकरा. लागतात एकशे साठच्या वर. पण एक सांगतो, बिलावरची शाई पसरली, शिक्के गेले, आकडे गेले, पण कोपऱ्यातली प्राचीची चिठ्ठी जवळजवळ प्रत्येक पिशवीत शाबूत होती. 'जाड दोर, सहा बंडल.' 'लाल बोये, मोठे.' तिने त्या पेन्सिलीने लिहिल्या होत्या. शाईला पाणी लागलं तर, म्हणून. मी वलांडीखाली उभा राहून त्या चिठ्ठ्या वाचत असे आणि सोनूबाई मला दुपारच्या जेवणाला दोनदा हाका मारत असत.

गेल्या आठवड्यात खात्याच्या ऑफिसात तारीख होती. मी ते सदतीस कागद जेवणाच्या स्टीलच्या डब्यात भरून एसटीने गेलो. माणगाव यायच्या आत वाहकाने दोनदा विचारलं की बोंबील कोणाचे आहेत. विनेशभाई नाकाला रुमाल लावून माझ्यापासून दोन बाकं सोडून बसले होते. त्यांनी मला पढवून ठेवलं होतं, की पावसात दुकानात पाणी शिरलं असं सांगायचं. मी तसंच सांगणार होतो. पण साहेब तरुण होता, विदर्भाकडचा असावा, त्याने आधी मला पाण्याचा ग्लास दिला. पाणी पाजणाऱ्याशी खोटं बोलवेना. मी म्हटलं, साहेब, मी ती दर्याला वाहिली. विनेशभाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबाने पेन हातात धरून बराच वेळ फॉर्मकडे बघितलं. फॉर्मात कागद नष्ट झाल्याचं कारण लिहायला एकच ओळ होती. शेवटी त्याने 'पाण्यामुळे' असं लिहिलं. ते खरंच होतं.

मग त्याने डब्यातल्या पिशव्या एकेक करून टेबलावर पसरल्या. एका बिलावरची तारीख गेली होती, तर मी सांगितलं, हे पौर्णिमेच्या उधाणाच्या दुसऱ्या दिवशीचं. त्याने मोबाईलमध्ये पंचांग काढून बघितलं आणि मान हलवली. वास त्यालाही येत असणार, पण त्याने रुमाल काढला नाही. म्हणाला, मूळ बिलं नसतील तर निदान झेरॉक्स आणा, सही करून द्या, मी बघतो. पण सगळी आणा, अकरावर मला काही करता येणार नाही. शिमग्यानंतरच्या शुक्रवारची तारीख दिली. निघताना एक चिठ्ठी बोटात धरून म्हणाला, "काका, हे अक्षर कोणाचं? एवढी व्यवस्थित नोंद मी मोठ्या कंपन्यांतही बघितली नाही." मी म्हटलं, मुलीचं. तिचं लग्न झालं. तो म्हणाला, "मग तिलाच विचारा ना. अशा माणसाने कुठेतरी काहीतरी ठेवलेलं असतं. एक फोन करा." त्याला काय ठाऊक. परतीच्या एसटीत मी डबा मांडीवर घेऊन बसलो आणि विनेशभाई शेजारी येऊन बसले, रुमाल न लावता. तेव्हा मला कळलं की माझी अवस्था वासाच्या पलीकडे गेली आहे.

फोन मी का केला नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, कारण तुम्ही तिथे होतात. साखरपुड्याचा दिवस. आमच्या अंगणात तुमची-आमची दीडशे माणसं. दुकानाची पाटी नवी रंगवून घेतली होती, 'हरेश्वर अँड सन', आणि मी ती सगळ्यांना दाखवत होतो. प्राची चहाचा ट्रे घेऊन आली आणि हसतच म्हणाली, "बाबा, हिशेब मी ठेवायचे आणि पाटीवर मितेश?" तिने गंमतीत विचारलं असं मला वाटलं. मी म्हटलं, मुलीचं नाव घालून काय करू, हळद लागली की ती दुसऱ्याची. पाटी परत रंगवायचे पैसे व्याह्यांकडून घेऊ का? सगळे हसले. तुम्हीही हसलात, रावजीराव. तुमच्याकडे बोट दाखवत नाही, मांडवात व्याह्याच्या विनोदाला हसावंच लागतं. पण प्राची हसली नाही. तिने ट्रे खाली ठेवला, प्रत्येकाला कप दिला, मलाही दिला, आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं नीट बोलते. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडलेल्या मुलीला फोन करता येतो.

आता ती तुमच्याकडे राहून त्या वाहतुकीच्या ऑफिसात चाळीस ट्रकांचे कागद सांभाळते, पगार घेते, आणि तिथे तिच्या टेबलावर तिच्या नावाची छोटी पाटी आहे, असं ऋत्विकराव बोलले. मला त्या पाटीचा फोटो पाठवा असं मी त्यांना सांगितलं होतं. नंतर म्हटलं, नको, राहू दे. मला तिची आठवण येते. हे वाक्य इथे शोभत नाही, पण लिहून झालं आहे आणि मी शाईने लिहितो.

असो. माझ्या रडगाण्याने तुमचा वेळ खाल्ला. गुडघ्याला जपावं, आंबट खाऊ नये. विहीणबाईंना सोनूबाईंचा नमस्कार. आमचं काय, तारखेपर्यंत दर्या आणखी काही परत देतो का बघू.

तुमचा, भरती-ओहोटीवर हिशेब ठेवणारा व्याही,
हरेश्वर

ता. क. — सोबत सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी पाठवली आहे. सोडे चांगले आहेत. पुडीला आतून जो कागद आहे तो टाकून देऊ नये, ते ऑइलचं बिल असण्याची शक्यता आहे. बघून कळवावं.

ता. क. दुसरं — मुलीच्या सासरी बापाने काही मागायचं नसतं, हे मला कळतं. म्हणून पत्रात मागितलं नाही, इथे खाली मागतो. शिमग्याला प्राचीला आठ दिवस पाठवाल का? रजा मिळेल तितकेच दिवस, चार तर चार. मी बोलावलं असं म्हणू नका, ती "बघते" म्हणेल. तुम्ही सांगा, की तुझ्या बापाच्या दुकानावर नोटीस आहे आणि त्याला कागदातलं काही समजत नाही. ती माझ्यासाठी नाही आली तरी कागदांसाठी येईल. आणि तिला एवढं सांगा, की पाटीवरचं 'अँड सन' मी काल पॉलिशच्या कागदाने घासून काढलं. मितेशला विचारून काढलं, तो म्हणाला, पप्पा, मला वाटलंच होतं. जागा मोकळी आहे. रंगाचे पैसे माझे.

ता. क. तिसरं — पाकीट चिकटवलेलं परत फोडलं. काल रात्री वरचा मजकूर सोनूबाईंना वाचून दाखवला, तर त्यांनी आज उजाडताच प्राची येणार म्हणून तिची गोधडी उन्हात घालायला तिची पेटी उघडली. लग्नापासून ती पेटी आम्ही उघडली नव्हती. गोधडीखाली चार गठ्ठे निघाले. सगळ्या वर्षांच्या, सगळ्या बिलांच्या, सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स. नोटिशीतलं वर्ष पूर्ण आहे, मी दोनदा मोजलं. वरच्या गठ्ठ्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी, पेन्सिलीने: 'बाबा, ओरडू नका, माझ्या शिकवणीच्या पैशांतून काढल्या. ह्या पूजेला ठेवायच्या नाहीत.' खाली तारीख हळदीच्या दिवशीची. त्या दिवशी ती दुपारी दोन तास कुठे गेली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं, तुम्हाला फोनही केला होता. ती झेरॉक्सवाल्याकडे होती. गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर हळदीचा आख्खा अंगठा उमटला आहे. आमच्या रीतीने तो गठ्ठा दर्याचा, असं माझ्या तोंडून निघून गेलं, तर सोनूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हळद लागली म्हून काय जालं? आपलंच हाय त्ये." मी गठ्ठा सोनूबाईंच्या हातात दिला.

तेव्हा खात्याचं काम झालं, विनेशभाईंकडे आजच नेऊन देतो. आता खरं तर दुसरं ता. क. खोडायला हवं. ते मी खोडलेलं नाही. झेरॉक्स सापडल्या हे प्राचीला कळू देऊ नका, रावजीराव. शिमग्यापर्यंत तरी नको.